उपाशी पोटी

चंद्रभागेच्या उजव्या हाताचं मधलं बोट वाकडं आहे आणि त्याला नख नाही. कशेडी घाटाखालच्या त्या वाडीत कुणी नवखा पाहुणा आला आणि बोटाकडे बघत राहिला, तर ती स्वतःच सांगते, "लेकान चावलान." आणि चहा पुढे करते. चहाबरोबर भाकरीचाही आग्रह होतो, कारण तिच्या दारातून कुणी उपाशी परत जायचं नाही हा तिचा हट्ट.

बाई अंगानं थोराड. शेतात शिरलेल्या रानडुकराला तिनं एकदा दांडक्यानं पिटाळलं होतं, आणि नवरा भागोजी पिऊन घरी आला त्या दिवशी त्यालाही त्याच दांडक्यानं. भागोजीनं तेव्हापासून बाटलीला हात लावला नाही. त्या घरात दारूचं नावही काढायची सोय नव्हती, म्हणून मंगेशचं प्रकरण तिला फार झोंबलं.

मंगेश तिचा एकुलता एक मुलगा. घाटात दरड कोसळली की माती उपसायला जेसीबी लागतो, तो चालवायचा. कामात चोख. मग हळूहळू त्याचे हात थरथरायला लागले, जीभ जड झाली, चालताना तोल जाऊ लागला. स्वभावही बिघडला, जरा काही झालं की अंगावर यायचा. एका सकाळी मुकादम चारचौघांत म्हणाला, "सकाळी सकाळीच टाकून आलास काय रे?" मंगेशनं पहार उचलली आणि मुकादमाचा खांदा मोडला. नोकरी गेली, पोलिसांचा मार खाल्ला तो वेगळाच.

महाडच्या एका दवाखान्यात रक्त तपासलं, तर लिव्हर खराब निघालं. तिथल्या डॉक्टरनं मान वर न करता सांगितलं, "दारू सोडायला सांगा."

चंद्रभागेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. टेबलावरचा पेला तिनं भिंतीवर आपटला. "माझ्या पोरान थेंब घेतला नाय कधी!"

खरं सांगायचं तर तिचाही स्वतःच्या बोलण्यावर विश्वास नव्हता. घरी येताच तिनं दांडकं काढलं आणि मंगेशला झोडपलं, कुठं पितोस ते सांग म्हणून. न पिणारा माणूस सांगणार काय? त्यानं दांडकं हिसकावून तिच्याच पाठीत घातलं. मायलेक अंगणात एकमेकांना मारत होते आणि भागोजी गोठ्याच्या दारात थिजून उभा होता.

शेवटी मुंबईच्या मोठ्या इस्पितळात छडा लागला. डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारली, तर बुबुळाभोवती तपकिरी कडं दिसलं. आजाराचं नाव विल्सन. आपल्या खाण्यात थोडं तांबं असतंच. निरोगी लिव्हर जास्तीचं बाहेर टाकतं, मंगेशचं टाकत नव्हतं. ते आधी लिव्हरमध्ये साठलं, मग मेंदूत गेलं. थरथर, बोबडं बोलणं, राग, सगळं त्याचंच. दोष आई आणि बाप दोघांकडून आलेला, आणि दोघंही धडधाकट. जन्मभर गोळ्या घेतल्या तर मंगेश सावरेल, कामालाही लागेल. नाही घेतल्या तर मरेल. तिथून पुढे चंद्रभागेच्या आयुष्यात दुसरा विषय राहिला नाही.

गोळ्या तीन तऱ्हेच्या होत्या. एक साठलेलं तांबं लघवीवाटे काढणारी. दुसरी जस्ताची, नवं तांबं आतड्यातच अडवणारी. तिसरी साधी जीवनसत्त्वाची, पहिलीमुळे शरीरात जे कमी पडतं ते भरून काढायला. कुठली कधी, हेही डॉक्टरांनी सांगितलं. चंद्रभागेनं मान डोलावली, पण तिच्या डोक्यात तेव्हा फक्त तांबं घुमत होतं. घरी आल्यावर तिनं माहेरून आणलेला, दर सणाला चिंच लावून घासलेला तांब्याचा हंडा अंगणात आणला आणि कुऱ्हाडीच्या पाठीनं ठेचून ठेचून सपाट केला.

"आगो, हंड्यान काय केलान तुझं?" भागोजी म्हणाला.

"गप ऱ्हावा!"

हंडा गप्प पडून मार खाई, लेक कसा खाईल? "मी बेवडा नाय, मला कसल्या गोळ्या?" म्हणून मंगेश गोळ्या थुंकायचा. गोळी पोटात गेली की त्याला मळमळायचं, म्हणून आई आपल्याला विष घालते असं त्यानं डोक्यात घेतलं. मग रोजची लढाई सुरू झाली. पुतण्या भरत पाय धरायचा, भागोजी हात, आणि चंद्रभागा त्याच्या छातीवर गुडघा रोवून नाक दाबायची. श्वासासाठी तोंड उघडलं की गोळी जिभेमागे. अशाच एका झटापटीत ते बोट दातांत सापडलं. बोट सुटलं तेव्हा नख मंगेशच्या तोंडात होतं. तिनं रक्ताळलेल्या हातानं त्याला थोबाडीत मारली आणि गोळी घातलीच.

दिवसातून इतक्या वेळा ही कुस्ती कोण करणार? भरतला पोलादपूरच्या स्टँडवर रिक्षा लावायची असे. म्हणून चंद्रभागेनं आपली रीत बसवली. संध्याकाळी सगळ्या गोळ्या एका मुठीत, एकाच झटापटीत. आणि त्याआधी पोटभर जेवण. रिकाम्या पोटी औषध दिलं की आतडी जळतात, हे तिच्या आईनं तिला सांगितलेलं, आईला आजीनं. मंगेश भाकरी मुकाट खायचा. दिवसभरात मायलेकांत भांडणाशिवाय होणारी तेवढी एकच गोष्ट होती.

महिने गेले. मंगेशचे डोळे पिवळे झाले, पोट फुगलं. "गोळ्याच बाधतायत त्याला. बंद कर आता," भागोजी म्हणाला. त्याच्या अंगावर ती मुसळ घेऊन धावली.

आणि एका संध्याकाळी भागोजीची पकड सुटली. मंगेशनं शेजारचा पाट उचलून आईला मारला. पहिल्या फटक्यात तिचे दोन दात पडले, दुसऱ्यात उजव्या हाताचं मनगट मोडलं. तिसरा डोक्यात बसायचा, तेवढ्यात भरतनं दांडक्यानं मंगेशला आडवा केला. रिक्षात एका बाजूला दोरीनं बांधलेला लेक, दुसऱ्या बाजूला पदर तोंडात कोंबलेली आई, अशी वरात महाडला निघाली.

डॉक्टर अनुपमा महाडात नवीन आल्या होत्या. मनगटाला प्लास्टर घालून झालं, मंगेशच्या डोक्याला टाके पडले, मग त्यांनी विचारलं, "मावशी, गोळ्या कशा देता?"

चंद्रभागेनं पडलेल्या दातांतून अभिमानानं सगळं सांगितलं. पोटभर जेवण, मग सगळ्या एका मुठीत, एक दिवस चुकला नाय.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "या गोळ्या उपाशी पोटी द्यायच्या असतात, मावशी. पोटात अन्न असलं की औषध अंगी लागत नाही. आणि तांबं काढणारी गोळी आणि जस्ताची गोळी एका वेळी दिली, तर दोघी एकमेकींना निकामी करतात. दोघींमध्ये अंतर हवं. गोळी घेतली की तासभर खायचं नाही."

"म्हंजी इतके दिवस..."

"औषध पोटात गेलं, पण उपयोग फारसा झाला नाही."

चंद्रभागा आधी डॉक्टरवर ओरडली. मग भरतवर. मग तिला ओरडायला कुणी उरलं नाही. नख गेलं, दात गेले, पोराच्या छातीवर गुडघ्याचे काळे डाग पडले, आणि ते सगळं फुकट. तिच्या भाकरीनं आणि तिच्या मुठीनं. ती दवाखान्याच्या पायरीवर बसून मोठमोठ्यानं रडली. येणारे जाणारे बघत होते, त्याची तिला शुद्ध नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी, आता गोळी उपाशी पोटी द्यायची म्हणून, भरत पाय धरायला आला. तिनं त्याला परत पाठवलं. भागोजीला बाहेर बसवलं. मंगेशच्या दोऱ्या डाव्या हातानं सोडल्या आणि त्याच्यासमोर बसली.

"मंग्या, हात मोडलास माझा. आता मी धरणार नाय तुला." मग म्हणाली, "तू पीत नव्हतास. मी उगाच मारलं."

प्लास्टरमधून बाहेर आलेल्या बोटांच्या टोकावर तिनं एकच गोळी ठेवली. मंगेश बघत राहिला. उचलायला गेला तर बोटं थरथरली, गोळी खाली पडली. दुसऱ्यांदा पडली. त्यानं भिंतीवर इतक्या जोरात बुक्की मारली की सारवण खाली आलं. तिनं गोळी पदराला पुसली आणि पुन्हा धरली. तो वाकला. त्याचे दात त्या वाकड्या बोटाशी आले. तिनं डोळे मिटले, पण हात मागे घेतला नाही. त्यानं ओठांनी गोळी उचलली. स्टीलच्या भांड्यातलं पाणी तिनं त्याच्या तोंडाला लावलं.

"आये, भाकर दे," तो म्हणाला.

चुलीवर भाकरी भाजून तयार होती. तिचा वास घरभर पसरला होता. आयुष्यात तिनं कुणाला भाकरी नाही म्हटलं नव्हतं.

"आता नाय."

"भूक लागलीय मला!" तो उठला. हात वर उचलला, मूठ वळली.

चंद्रभागा त्याच्या आणि चुलीच्या मधे येऊन बसली. "मार," ती म्हणाली. "पण भाकर तासाभरान."

त्यानं मारलं नाही. जमिनीवर बसून भुकेनं रडायला लागला. ती त्याच्या शेजारी बसून राहिली, भाकरी पार थंड होईपर्यंत.