नंदाखालच्या भट्टीतला चीजकेक

पुण्याहून निघताना आईने माझ्या बॅगेत डोकावून विचारलं, "रीटाच्या साखरपुड्याला चाललीस की केक करायला?" कपड्यांखाली माझा केकचा टिन होता. बाजूची कडी सोडली की कडं निघून येतं, तसला; मामाने परदेशातून आणलेला. मी म्हटलं, "असू दे." रीटाने पत्राच्या शेवटी फक्त 'टिन आण' एवढंच लिहिलं होतं.

रीटा वसतिगृहात माझ्या खोलीत होती. तिचं गाव नंदाखाल. विरारहून एसटी पश्चिमेला निघाली तशी केळी सुरू झाली, मग नारळ, मधूनमधून बावखलं (बागेतली गोड्या पाण्याची तळी). जानेवारीचं ऊन पाण्यावर पडून पानांच्या खालच्या बाजूला हलत होतं. मी खिडकीतून बघत राहिले आणि माझा थांबा निघून गेला. पुढच्या थांब्यावर उतरून बॅग घेऊन उलटी चालत आले.

रीटाच्या आई गावातल्या शाळेत शिकवतात. मी त्यांना "आंटी" म्हटल्याबरोबर त्या म्हणाल्या, "आंटी नको गं. शाळा तपासायला कोणी आल्यासारखं वाटतं. मावशी म्हण." घरात त्यांची आपसातली बोली वेगळी, मला निम्मी कळायची. मी मान हलवायचे आणि त्यामुळे ताटात तिसरी भाकरी यायची.

दुसऱ्या दिवशी रीटा मला समुद्राकाठच्या नव्या हॉटेलात घेऊन गेली. सुरूच्या झाडांत पत्र्याची शेड, लाल टेबलक्लॉथ. रविवारच्या साखरपुड्याचा केक तिथे सांगायचा, असं घरात ठरत आलं होतं. हॉटेलातल्या चीजकेकबद्दल माझी मतं आहेत आणि ती एका वहीत आहेत, हे फक्त रीटाला माहीत आहे. पुण्यातल्या एका ठिकाणच्या केकला फ्रीजमधल्या कांद्याचा वास होता. दुसरीकडे वर एवढ्या लाल चेरी होत्या की खाली काय आहे ते कळू नये, हाच हेतू असावा. माझं म्हणणं एवढंच, की चीजकेक जिभेवर बसला पाहिजे. तो तोंडात ताठ उभा राहिला तर काहीतरी चुकलंय.

इथला ताठ उभा राहिला. स्वयंपाकी स्वतः बाहेर आला. डोमनिक नाव, जवळच्या गास गावचा, बरीच वर्षं बोटीवर कुक होता. "कसा आहे?"

"ठीक आहे," मी म्हटलं.

"खोटं बोलतेय," रीटा म्हणाली. "हिच्या वहीत तुझ्या केकचं काय होणार ते मला ठाऊक आहे. बोल गं."

मी चमच्याकडे बघत बोलले. "जिलेटिन जास्त आहे. चव दह्याची लागत नाही, नुसती थंड लागते. आणि तळाला बिस्किट नाही, फरशी आहे."

परक्या माणसाला मी असं पहिल्यांदाच सांगत होते. डोमनिक हसला नाही. "मग तुम्ही करा," तो म्हणाला. "रविवारी मला खायला बोलवा."

"बोलावलं!" रीटाने तिथेच सांगून टाकलं. हॉटेलात केक सांगायचा राहिला. तीस पाहुणे, आणि केक माझ्यावर. परतताना रीटा गाणं म्हणत होती आणि मला माझ्या चपलांचाही आवाज नकोसा झाला होता.

मावशींनी म्हशीच्या दुधाचं दही लावलं. चक्का फडक्यात बांधून विहिरीजवळच्या जांबाच्या झाडाला टांगला. शनिवारी दुपारी तीन टिन तयार झाले, एक माझा आणि दोन मावशींचे ॲल्युमिनियमचे. घरात ओव्हन नव्हता, कारण इथे तो लागतच नाही. नाताळात सगळं गाव आपापले टिन इनासकाकांच्या पावाच्या बेकरीत नेतं. सकाळचे पाव निघाले की उतरत्या भट्टीत केक जातात. गावात एकाच नावाची चार-चार माणसं, म्हणून टिनवर नाव नसतं, खिळ्याने कोरलेली खूण असते. मावशींची खूण मासा. माझा टिन कोरा.

मी इनासकाकांना म्हटलं, "मधला भाग हलत असतानाच काढा." ते लाकडं सारत होते. त्यांनी मान डोलावली.

तासाभराने गेलो तेव्हा ते दारातच उभे होते, खूश. "बाय, तुझे केक मधे कच्चे होते. सळई ओली आली. मी परत आत घातले. माझ्या भट्टीतून कच्चा केक कधी गेला नाही, आणि साखरपुड्याला तर मुळीच जाणार नाही."

तिन्ही केक या टोकापासून त्या टोकापर्यंत फाटले होते.

"काका," मी म्हटलं, "तो मधे ओलाच असतो."

त्यांनी सळई खाली ठेवली. "मग आधी सांगायचं ना!"

"सांगितलं होतं."

"हिने सांगितलं असणार," रीटा म्हणाली, "पण ते हिला एकटीलाच ऐकू आलं असणार." इनासकाका माझ्याकडे बघत राहिले, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते केकसाठी की त्या वाक्यासाठी, मला अजून सांगता येत नाही.

घरी मावशींनी भेगा बोटाने चाचपल्या. "ह्या भरता येतील." त्यांनी सुकेळी (वाळवलेली केळी) तुपागुळात मऊ शिजवली आणि भेगांत भरली. मग केक एकेक करून बादलीत ठेवून विहिरीत सोडले, पाण्याच्या वीतभर वर.

रविवारी पहिला तुकडा रीटाच्या आजोळच्या एका म्हाताऱ्या बाईंना दिला. "श्रीखंड भाजलंय कोणी?" त्यांनी मोठ्याने विचारलं. मंडपात हशा पिकला. मी खांबामागे सरकले. तिथून पाहिलं, तर त्याच बाई दुसऱ्या तुकड्यासाठी बशी पुढे करत होत्या.

डोमनिकने सावकाश खाल्लं. "कडेला कोरडा झालाय," तो म्हणाला. खरंच होतं. "पण चव आहे. माझ्याकडे दिवसातून दोनदा लाईट जाते, बाई. जिलेटिन घातलं नाही तर केक बशीतून उतरून समुद्रावर फिरायला जाईल." मग त्याने खिशातून कागद काढला. "चक्का किती वेळ टांगला होता?"

मी सांगितलं. मोठ्याने. तीन बायकांनी वळून पाहिलं आणि त्यातल्या एकीने लिंबाचं प्रमाण विचारलं.

मंगळवारी निघाले. बेकरीसमोर एसटीची वाट बघत होते तेव्हा इनासकाकांनी हाक मारली. रविवारी माझा रिकामा टिन ते मागून घेऊन गेले होते. त्याच्या कडेवर त्यांनी खिळ्याने एक वेडीवाकडी रेघ कोरली होती, थेट त्या भेगेसारखी. "ही तुझी खूण," ते म्हणाले. "नाताळात टिनांची रांग लागते. तुझा इथेच राहू दे, म्हणजे जागा धरली जाईल. तेव्हा सळई घालणार नाही."

गाडीत मी वही काढली. डोमनिकच्या केकपुढे आधी जे लिहिलं होतं ते खोडलं नाही, ते मला अजूनही पटतं. त्याच्याखाली एवढंच लिहिलं: 'लाईट गेली तरी उभा राहतो.' पुढच्या ओळीवर माझ्या स्वतःच्या केकबद्दल लिहिलं: 'कडेला कोरडा. मधे बरा. पुन्हा करायचा.'

घरी आईने बॅग उपसली. "अगं, टिन कुठे आहे?"

"भट्टीत ठेवलाय," मी म्हटलं. "नाताळात मी तिकडे जाणार आहे."

आतल्या खोलीतून बाबांनी विचारलं, "कोण आलंय गं? कोण बोलतंय एवढ्या मोठ्याने?"