आमच्या हातचं अक्षर

चार पेंटर एकत्र बसले की रंगाबद्दल कमी आणि काय काय लिहिलं याबद्दलच जास्त बोलतात. माझ्याकडं तर असल्या गोष्टींचा ढीग साचलाय. निजामाच्या अमलात परंड्याच्या बाजारात आमचं बोर्ड रंगवायचं दुकान होतं. उर्दू अक्षर उस्मानभाईंचं, मराठी बहुतेक माझं. ते माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. जाहिरातीत काय लिहावं, काय लिहू नये, हे तेव्हा कुणी सांगत नव्हतं. ते आम्हाला माणसांनीच शिकवलं.

एका कापडवाल्याला बोर्डावर 'एकच भाव' असं फक्त उर्दूत हवं होतं. अंमलदार उर्दू वाचायचे, म्हणून.

"मराठीत का नको?" मी विचारलं.

"खेड्यातल्या गिऱ्हाइकाला चढा भाव सांगावा लागतो ना."

उस्मानभाईंनी ब्रश खाली ठेवला. "शेठ, भाव दोन ठेवा, तुमची मर्जी. पर बोर्ड तर एकच हाय."

शेवटी बोर्डावर नुसतं दुकानाचं नाव गेलं.

तंबूतला सिनेमा आला तेव्हा चूक माझी होती. मालक म्हणाला, पोस्टरवर वाघ काढ, गर्दी होते. मी काढला. सिनेमात वाघ नव्हता. दुसऱ्या दिवशी एक म्हातारा नातीला घेऊन दुकानात आला.

"वाघ तुमीच काढला व्हय?"

"व्हय, बाबा."

"पोरगी वाघ बघाया आठ कोस चालली. खेळ संपला तरी उठंना."

पोरगी माझ्याकडं बघत होती. त्यानंतर मी आधी सिनेमा बघायचो, मगच पोस्टर काढायचो. मालक म्हणायचा, पेंटर लई फुकटा!

एकदा टॉनिकचा एजंट आला. उस्मानभाईंच्या शब्दाला गावात मान होता. "या टॉनिकनं माझी नजर सुधारली" असं त्यांनी स्वतःच्या नावानं भिंतीवर लिहावं, एवढंच त्याचं म्हणणं.

"पहिलं घेतो, मग लिहितो," जाड चष्मा पुसत उस्मानभाई म्हणाले.

महिनाभर त्यांनी बाटल्या रिकाम्या केल्या. मग लिहिलं : 'हे टॉनिक मी महिनाभर घेतलं. गोड आहे. उस्मान पेंटर.'

भूमच्या रस्त्यावर एका भिंतीवर आम्ही एका वैद्याची जाहिरात लिहिली होती : 'सर्व रोगांवर एकच चूर्ण'. पुढं एक बाई बैलगाडीतून आली. गाडीत नवरा, पायाला कुऱ्हाड लागलेली, पाय काळा पडलेला. ती वैद्याकडं गेली नाही, आमच्याकडं आली.

"भित्तीवर तुमीच लिवलंय नव्हं? आठ दिस चूर्ण लावलं. आता काय करू, तुमीच सांगा."

उस्मानभाई गाडीत चढले आणि त्यांना सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. तिथून त्याला बार्शीला हलवलं. माणूस वाचला. पाय कापावा लागला.

परतल्यावर उस्मानभाईंनी चुन्याची बादली उचलली आणि जाहिरात पुसून टाकली. वैद्यानं कुर्डुवाडीहून दुसरा पेंटर आणून तीच ओळ पुन्हा लिहवून घेतली.

"ही पण पुसू?" मी विचारलं.

"दुसऱ्याच्या हातचं अक्षर हाय. आपल्याला हक न्हाय."

मग त्यांनी लाल रंग कालवला आणि त्या ओळीच्या अगदी खाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरात लिहिलं : 'सरकारी दवाखाना या बाजूला.' पुढं बाण काढला.