दाजींनी मोजलेली थंडी

हाताला चटका बसला तरी तो किती अंशांचा होता हे कळल्याशिवाय 'आई गं' न म्हणणारा माणूस सबंध सांगलीत एकच होता, आणि तो नेमका आमच्या अक्काच्या वाट्याला आला. दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, सांगलीला एका कारखान्यात इलेक्ट्रॉनिक्सचं काम बघत. अक्का वाईला मुलींच्या शाळेत शिकवायची. शनिवारची एसटी हाच त्या दोघांचा संसार. बाकीचे दिवस दाजी रात्री आमच्याकडे जेवत. आमटीत आधी तापमापक बुडवत, मग भात. माझी बायको म्हणायची, "दाजी, एकदा मीठही मोजा, म्हणजे मी सुटले."

अक्कानं नोकरी सोडून सांगलीला यावं असं दाजींना फार वाटे. पण 'तुझ्यावाचून करमत नाही' एवढं तीन शब्दांचं वाक्य या गृहस्थाच्या तोंडून निघेल तर शपथ. ते म्हणत, "वाईला लय गारठा. नदीकाठचं घर, तुझी छाती भरते." अक्का शाळेवर जीव टाकणारी. ती म्हणे, "आवं, कसला गारठा? मला तर पंखा लागतो." हे भर पौषात. शेवटी दाजींनी जाहीर केलं की आता आकडेच बोलतील.

मग आमच्या माडीवर ते यंत्र जन्माला आलं. दर पाव तासाला खोलीचं तापमान टिपून लक्षात ठेवायचं आणि तांबड्या आकड्यांत दाखवायचं, एवढंच त्याचं काम. पण त्यासाठी पुण्याहून मायक्रोकंट्रोलर आला आणि सगळा उन्हाळा आमचं घर तारा जोडायच्या डागाच्या, म्हणजे सोल्डरच्या, धुरात बसलं. प्रोग्रॅम चुकला की चिपमधला जुना प्रोग्रॅम पुसावा लागे, आणि पुसायचा म्हणजे चिप कडक उन्हात ठेवायची. गच्चीवर कुरडयांच्या रांगेत ती काचेच्या टिकलीची चिप वाळत पडे आणि माझी बायको दोन्हींवरच्या चिमण्या हाकत बसे. पहिल्यांदा यंत्र सुरू झालं तेव्हा आमच्या स्वयंपाकघराचं तापमान पंच्याऐंशी आलं. "मग मी गॅस कशाला जाळते?" असं तिनं विचारल्यावर दाजी दोन दिवस जेवायला आले नाहीत.

पौषात ते यंत्र वाईला बसलं. आठवड्यानं दाजी ते परत घेऊन आले, आमच्यासमोर बटण दाबत गेले आणि त्यांचा चेहराच उतरला. दिवसा अठरा-एकोणीस अंश. रात्री दहापासून पहाटेपर्यंत मात्र चौतीस. त्यांनी सेन्सर बदलला, पुन्हा पाठवला, पुन्हा चौतीस. नदीकाठी, ऐन पौषात, बिछान्याच्या वेळेला उन्हाळा.

संक्रांतीला अक्का आमच्याकडे आली तेव्हा दाजींनी सरळ विचारलं, "यंत्र ठेवतेस कुठं तू?"

अक्का तीळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पांघरुणात. रात्री ते घर खायला उठतं मला. तुमची पेटी जवळ घेऊन झोपते. आकडे बदलत असतात, तेवढीच सोबत."

ती तीळ घेऊन आत गेली. दाजी बटण दाबत बसले. चौतीस. चौतीस. चौतीस.

महिन्याभरात त्यांनी राजीनामा दिला. मी चिडलोच. म्हटलं, "दाजी, चांगली चालती नोकरी सोडून वाईत काय रेडिओ दुरुस्त करत बसणार?"

"बसीन की. तिथं गारठा लय आहे गड्या. तिला एकटीला सोसायचा नाही."

"पण तुमचं मशीन तर चौतीस सांगतंय."

"मशीनला काय कळतंय?" दाजी म्हणाले.

सकाळच्या एसटीत मी त्यांना बसवून दिलं. गाडी हलली आणि, खोटं कशाला सांगू, माझे डोळे भरले. इतकी वर्षं आठवड्यातले पाच दिवस हा माणूस माझा होता. आजही जेवायची वेळ झाली की मला दाजी हवे असतात, आणि वाईहून त्यांना परत आणायचा विचारसुद्धा मनात आणवत नाही.

स्टँडवरूनच मी अक्काच्या शेजाऱ्यांकडे फोन लावला. तिला बोलावून घेतलं आणि दाजी कायमचे निघालेत म्हणून सांगितलं.

अक्का म्हणाली, "अरे, इथं नुसता कडाका पडलाय. स्वेटर घातलाय का त्यांनी?"