जाळीत झेललेले चेंडू

माझ्या मामाच्या डाव्या हाताचं एकही बोट सरळ नाही. अंगठ्याशेजारच्या बोटाच्या मुळाशी चिंचोक्याएवढं हाड वर आलेलं आहे. लहानपणी मी त्यावर बोट टेकवून विचारायची, दुखतं का? तो म्हणायचा, "पाऊस यायचा असला की सांगतं ते."

त्याचं नाव एलपिदिओ मोता. सान पेद्रोच्या साखर कारखान्यामागच्या आमच्या वस्तीत त्याला सगळे मास्तर म्हणतात. पोरवयापासून तो बेसबॉलमधला कॅचर, चेंडू टाकणाऱ्या पिचरसमोर उकिडवा बसून चेंडू झेलायचा. नंतरची चौदा वर्षं एका अमेरिकन संघाच्या शिबिरात तो मुलांना तेच शिकवत होता. तिथं तो डोळे मिटून ग्लोव्हमध्ये चेंडू बसल्याचा आवाज ऐकायचा आणि ताशी मैलांत वेग सांगायचा: नव्वद. ब्याण्णव. मागे वेग मोजायचं यंत्र धरून उभा असलेला माणूस आकडा बघून नुसती मान हलवायचा.

आल्ताग्रासियाच्या दुकानासमोर दुपारी डोमिनोचं टेबल पडतं, आणि दुसऱ्या डावापर्यंत वाद सुरू होतोच. सगळ्यात जोरात कोण टाकतो?

"परवा टीव्हीवर बघितलंस? एकशे तीन!"

"टीव्हीवरचे मैल वेगळे असतात रे. टीव्हीवर तुझी सासूसुद्धा गोड दिसेल."

"आकडा काय चाटायचाय? चेंडू असा यावा की फलंदाजाला आईची आठवण व्हावी."

वाद कुठूनही निघो, शेवटी आमच्या वस्तीत येऊन थांबायचा. वस्तीनं अमेरिकेला एकच पिचर दिला, अर्सेनिओ सेवेरिनो. मग कुणीतरी विचारायचं, "मास्तर, तुम्ही झेललंय त्याला. खरं सांगा." मामा डोमिनोची सोंगटी ठेवत म्हणायचा, "अर्सेनिओचा चेंडू वाजायचा." तिथं वाद संपायचा. मामाच्या शब्दापुढं कुणी जात नसे.

त्या टेबलापासून चार हातांवर, स्वतःच्या मोटारसायकलवर बसून, लेओन्सिओ संत्रं सोलत असायचा. भाड्यानं माणसं नेतो तो, कारखान्यापासून बाजारापर्यंत. पंचवीस वर्षांपूर्वी तो आणि अर्सेनिओ एकाच दिवशी, एकाच मैदानावर, अमेरिकन संघासाठी मुलं निवडायला आलेल्या एकाच गोऱ्यासमोर उभे राहिले होते. गोऱ्याला एकच मुलगा न्यायचा होता. चेंडू झेलायला मामा होता. लेओन्सिओ या वादात कधी तोंड उघडत नसे.

मागच्या वर्षी इस्टरला मी राजधानीहून महिनाभर घरी आले होते. मैदानाला नवी भिंत झाली होती. पैसे अर्सेनिओनं तिकडून पाठवले होते. शनिवारी फेलो पेंटर शिडी लावून अक्षरं रंगवत होता. 'आमच्या वस्तीचा सर्वांत वेगवान हात' एवढं लिहून झालं होतं. खाली नावाची जागा रिकामी होती. रीत म्हणून मैदान समितीवाले दुकानासमोर मामाकडे आले. भिंतीवर ज्याचं नाव जाणार, त्याचे चेंडू मामानं झेललेले असायला हवेत.

"मास्तर, तुम्ही फक्त हो म्हणा. फेलोचा रंग वाळतोय."

मामा लगेच हो म्हणाला नाही. त्याचं ते न बोलणं मी ऐकलं, आणि लेओन्सिओनंही ऐकलं. तो मोटारसायकलवरून उतरला.

"मीही टाकलेत त्या दिवशी," तो म्हणाला. "मलाही झेललंय त्यांनी."

टेबलावर हसू फुटलं. "अरे, तू आता फक्त ब्रेक जोरात मारतोस!"

"यान्सी, तुझ्याकडे यंत्र आहे ना? आण," लेओन्सिओ म्हणाला.

यान्सी, आल्ताग्रासियाचा भाचा, मुलांना सराव देतो. तो यंत्र घेऊन आला. लेओन्सिओ मामासमोर उभा राहिला. "मास्तर, बसाल का माझ्यासमोर?"

"तू त्रेचाळीसचा आहेस. वीस वर्षांत हात वर नेलेला नाहीस."

"बसाल का?"

मामा एकसष्ट वर्षांचा. समोरच्याच मैदानावर जाऊन उकिडवं बसताना त्यानं एक हात जमिनीवर टेकवला, ते बघून कुणी हसलं नाही. ग्लोव्ह यान्सीचा होता, नवा, कडक.

पहिला चेंडू उंचावरून गेला. "एकाहत्तर," यान्सी ओरडला. कुणीतरी शिट्टी मारली. "अर्सेनिओ चौऱ्याण्णव टाकायचा, लेओन्सिओ! अजून तेवीस मैल राहिले, एखादं भाडं घेऊन जा!"

दुसरा. "सत्याहत्तर."

लेओन्सिओनं शर्ट काढला. उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली उतरलेला दिसत होता. मी मामाच्या मागच्या तारेच्या कुंपणाला धरून उभी होते. तिथून चेंडू दिसत नाही, सुटतो तेव्हाचा माणसाचा चेहरा दिसतो. तिसऱ्या फेकीला त्याचे ओठ आत ओढले गेले.

"एक्क्याऐंशी!"

आता शिट्ट्या थांबल्या. चौथ्याला त्याच्या तोंडून आवाज निघाला, ओझं उचलताना निघतो तसा. हात खाली आला आणि तिथंच लोंबत राहिला. त्यानं डाव्या हातानं तो कोपरातून धरून वर घेतला.

"चौऱ्याऐंशी," यान्सी हळू म्हणाला. "बास की आता, काका. खांदा जाईल."

"जाऊ दे."

"उद्या गाडी कशी धरशील?"

"चेंडू दे."

मामानं चेंडू परत टाकला नाही. तो ग्लोव्हमध्ये धरून बसून राहिला. लेओन्सिओ त्याच्याकडे बघत होता, आणि मला वाटलं, हा हात तुटेपर्यंत टाकणार. भिंतीवरच्या नावासाठी नाही, तर मामानं डोळे मिटून एकदा तरी आकडा सांगावा म्हणून.

"चेंडू द्या, मास्तर."

मामा उभा राहिला. गुडघे धरून, हळूहळू. मग चालत, पिचर उभा राहतो त्या मधल्या उंचवट्यापर्यंत गेला. आम्ही सगळे मागोमाग सरकलो.

"टाकू नकोस," तो म्हणाला. "त्याची गरज नाही. त्या दिवशी तू अर्सेनिओपेक्षा जोरात टाकत होतास."

शिडीवर फेलोचा ब्रश थांबला.

"आदल्या दिवशी सरावाला तू एक टाकलास, आठवतंय? मी म्हणालो, आज पुरे, ऊन फार आहे. ऊन नव्हतं. माझं हाड मोडलं होतं." त्यानं डावा हात ग्लोव्हमधून काढला. "दुसऱ्या दिवशी गोरा येणार. शिबिराला कॅचर हवा होता, माझंही नाव त्याच्याकडे होतं. मोडक्या हाताचा कॅचर कोण ठेवतो? मी कुणाला बोललो नाही."

"मग?" लेओन्सिओ म्हणाला.

"तळव्यात झेललं की चेंडू वाजतो. तुझे मी तळव्यात घेतले नाहीत. ग्लोव्हच्या अंगठ्या-बोटांमधल्या चामडी जाळीत घेतले. जाळीत आवाज होत नाही. गोऱ्याच्या यंत्राची बॅटरी सकाळच्या मुलांवरच संपली होती. तो म्हणाला, कान पुरे."

"आणि अर्सेनिओचे?"

"तळव्यात. ते सोसवत होते."

कारखान्याचा भोंगा झाला. एका समितीवाल्यानं चाचरत विचारलं, "मास्तर, मग तुम्ही इतकी वर्षं..."

"मी खोटं बोललो नाही. अर्सेनिओचा चेंडू वाजायचा, एवढंच म्हणालो." मग त्याचं त्यालाच ते कसंसं वाटलं असावं. त्यानं मान खाली घातली. "घाबरलो होतो. तुझ्या चेंडूला. आणि नोकरी जाईल म्हणून."

लेओन्सिओनं चांगला हात उगारला. यान्सी मध्ये पडायला धावला. पण त्या हातानं त्यानं फक्त मामाचं मनगट पकडलं, हात उलटा केला आणि त्या हाडावर अंगठा दाबला. जोरात. मामाचे डोळे भरले, पण त्यानं हात काढून घेतला नाही.

"हेच?"

"हेच."

लेओन्सिओनं मनगट सोडलं, शर्ट खांद्यावर टाकला आणि मोटारसायकल ढकलत निघून गेला. ती चालवायला उजवा हात लागतो.

संध्याकाळपर्यंत समिती भांडली. अखेर भिंतीवर अर्सेनिओचंच नाव आलं. पैसे त्याचे होते, आणि जो आवाज कुणी ऐकलाच नाही तो लिहायचा कसा, असं एकजण म्हणाला. फेलोनं पहिलं अक्षर दोनदा पुसून काढलं.

तीन आठवडे लेओन्सिओ दिसला नाही. खांद्याला झोळी बांधून घरी पडून आहे, असं आल्ताग्रासिया सांगायची. मामा रोज दुकानासमोर जायचा, पण डोमिनो खेळायचा नाही. कुणी त्याला आता विचारतही नसे, कोणाचा चेंडू जोरात. वाद व्हायचा आणि न मिटताच विरून जायचा.

मग एका मंगळवारी लेओन्सिओ आला. झोळी सुटली होती. खुर्ची ओढून तो टेबलापाशी बसला, पहिल्यांदाच. दोन उपरी माणसं होती, शेजारच्या गावची. टीव्हीवरच्या एकशे तीनवर त्यांची जुंपली होती.

"मास्तर," लेओन्सिओ म्हणाला, "यांना सांगा."

मामानं सांगितलं. सराव, हाड, गोरा, जाळी. पाहुणे तोंड उघडं ठेवून ऐकत होते. लेओन्सिओ मामाकडे बघत नव्हता. त्याची नजर रस्त्यावर होती. गोष्ट संपली. मामानं पाण्याचा ग्लास उचलला.

"एक राहिलं," लेओन्सिओ म्हणाला.

मामानं ग्लास खाली ठेवला. पाहुण्यांकडे वळून त्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, सांगितलं की तो घाबरला होता.

"कोणाला?"

"याच्या चेंडूला."

लेओन्सिओनं मान हलवली. तेव्हापासून दर आठवड्यात एक-दोनदा तो येतो, नवा माणूस दिसला की मामाला सांगायला लावतो, आणि शेवटचा शब्द ऐकेपर्यंत उठत नाही. मी मामाला म्हटलं, कशाला जातोस रे तिथं? तो चपला घालत होता.

"त्याला ऐकायचं असतं," तो म्हणाला, आणि निघाला.