उमरखेडला दरोडे किती पडतात? भाऊजींसोबत एक संशोधन दौरा

दिवाळीचा फराळ संपत आलेला असताना भाऊजींनी पुण्यात आमच्या जेवणाच्या टेबलावर जगाचा तक्ता उघडला, आणि त्यातूनच आमचं गावी जायचं ठरलं.

भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. मूळचे सांगलीचे, पुण्यात पंप बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर. कंपनीने त्यांना बढती देऊन दोन वर्षं परदेशात पाठवायचं ठरवलं होतं. बेल्जियम, चिली किंवा न्यूझीलंड यांतला एक देश मिळणार होता, पण बायको येणार की नाही ते महिनाअखेरीपर्यंत कळवायचं होतं. ताईने एका वाक्यात विषय संपवला. म्हणाली, इथल्यापेक्षा जास्त चोर असलेल्या देशात मी यायची नाही. दुसरा कोणी नवरा असता तर त्याने यातलं खरं कारण शोधलं असतं. आमच्या भाऊजींनी आकडे शोधले.

लाखामागे वर्षाला किती जबरी चोऱ्या होतात याची देशवार उतरंड त्यांनी लावली होती. बेल्जियम बघून आम्ही सगळेच चाट पडलो, कारण चॉकलेटवाला हा सभ्य देश तक्त्यात थेट वरच्या मजल्यावर बसला होता. भाऊजींनी लगेच खाली बोट ठेवलं. तिथे टीप होती. काही देशांत नुसती पर्स हिसकावली तरी जबरी चोरी धरतात, काही ठिकाणी ती साधी चोरी होते, कुठे लोक छत्री हरवली तरी पोलिसांकडे जातात, कुठे घर धुऊन नेलं तरी जात नाहीत. म्हणून या आकड्यांची एकमेकांशी तुलना सांभाळून करावी. ताईने ती टीप शांतपणे वाचली आणि विचारलं, "मग यात उमरखेड कुठे आहे?"

उमरखेड नव्हतं. ते आमचं माहेर, म्हणजे ताईचं माहेर आणि माझं घर. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, मराठवाड्याला खेटून. ताईचं म्हणणं होतं की 'इथलं' म्हणजे पुणं नव्हे, 'इथलं' म्हणजे उमरखेड, आणि तुलना करायचीच तर त्याच्याशी करा. भाऊजींना हा मुद्दा पद्धतशीर वाटला. त्यांनी सुट्टी टाकली. ताई येणारच होती. मला दुभाषी म्हणून बरोबर घेतलं, शिवाय बॅगा उचलायला कोणीतरी हवंच होतं.

ही कापसाला भाव नसलेल्या वर्षांतली गोष्ट. पेपरात यवतमाळचं नाव तेव्हा फक्त वाईट बातमीत यायचं, त्यामुळे आमच्या सोसायटीतल्या लोकांनी आम्हाला युद्धावर निघाल्यासारखा निरोप दिला. एकाने तर बॅटरी दिली. मला याचा फार राग येतो. माणसं तिथेही सकाळी उठून चहाच पितात.

तर वाचकहो, जायचं असेल तर असं जा. पुण्याहून रात्रीची रेल्वे, धामणगावला उतरायचं, स्टेशनाबाहेरून यवतमाळची एसटी. आरक्षण आधी करा, थंडीत गर्दी असते. आणि पैसे खिशात ठेवा. भाऊजींनी चोराच्या भीतीने सगळे पैसे मोज्यात ठेवले होते, उजव्या पायात नोटा आणि डाव्या पायात सुट्टे. धामणगावच्या बसमध्ये कंडक्टर समोर उभा राहिल्यावर त्यांनी बुटाची नाडी सोडायला घेतली. कंडक्टर आधी माझ्याकडे, मग ताईकडे बघत राहिला. शेवटी त्याने ती दमट नोट दोन बोटांत धरून पिशवीत टाकली आणि पुढच्या सीटवर जाऊन हात पँटला पुसले. संध्याकाळपर्यंत अख्ख्या जिल्ह्याला भाऊजींची तिजोरी कुठे आहे ते माहीत झालं होतं. कोणीही लुटली नाही, आणि मला वाटतं त्यात आश्चर्य नाही.

यवतमाळच्या स्टँडसमोर आलूबोंडा खा. वर तर्री घ्या, पण थोडी घ्या. दहा रुपयांत पोट भरतं आणि नाक साफ होतं. भाऊजींनी तर्री पूर्ण वाटी ओतून घेतली, आणि मग गाडीवाल्याचा पाण्याचा जग एकट्याने संपवला. ताईची मात्र इथे पोहोचताच भाषा बदलली. पुण्यात 'मला भूक लागली' म्हणणारी ताई गाडीवाल्याला 'मले अजून एक दे गा' म्हणाली, तेव्हा भाऊजी तिच्याकडे अनोळखी बाईकडे बघावं तसे बघू लागले.

पहिला मुक्काम बोरी अरबला, दारव्ह्याच्या रस्त्यावर, सलीमकडे. सलीम माझा यवतमाळच्या कॉलेजातला मित्र आणि कापसाचा व्यापारी. यवतमाळहून एसटीने तासाभराचं अंतर, त्यात अर्धा वेळ खड्ड्यांचा. सलीमच्या अंगणात शिरलो तर समोर पांढरा डोंगर. भाव वाढेल म्हणून थांबलेला कापूस अंगणात, ओसरीत, आणि आमच्या झोपायच्या खोलीतही कमरेएवढा. फाटक सताड उघडं. भाऊजींनी वही काढली. एवढा माल असा उघड्यावर, कुलूप नाही, राखण नाही?

सलीम म्हणाला, "चोरानं नेला तं गाडीचं भाडं मी देतो. जेवून जाय म्हणा वरून."

कुलूप एकच होतं, डिझेलच्या कॅनला. मग सलीमने मागच्या गल्लीतली हकीकत सांगितली. चोर खरंच आला होता म्हणे, कडी काढून आत शिरला, कापूसच कापूस बघितला आणि जाताना परत कडी लावून गेला. ही गोष्ट सांगताना तो खूप हसला, आम्हीही हसलो. मग तो ओसरीवरच्या ढिगातलं एक बोंड उचलून उगाच साफ करत बसला.  भाभीने भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर वाढली तेव्हा बरं वाटलं.

ती रात्र आम्ही कापसात काढली. कापसात झोपणं ऐकायला मऊ वाटतं, पण त्यातले किडे कोणी सांगत नाही. सकाळी भाऊजींच्या पाठीवर त्यांच्या तक्त्याएवढं पुरळ आलं होतं. तिघांनीही अंघोळीसाठी रांग लावली.

बोरीहून दारव्हा, दिग्रस, पुसद आणि मग उमरखेड असा रस्ता आहे. एसटी बदलत बदलत जावं लागतं, अर्धा दिवस धरा. पुसदच्या आधी डोंगर लागतात, सागाची झाडं लागतात, त्या बाजूची खिडकी पकडा. भाऊजी पुढच्या सीटवर तोंड उघडं टाकून झोपले होते. मी ताईला विचारलं, तू खरंच चोरांना घाबरतेस का? तिने खिडकीबाहेर बघितलं. म्हणाली, हे सकाळी आठला जाणार आणि सातला येणार, भाषा येत नाही, दारावर नाव वाचून कोणी बेल वाजवणार नाही.

"दिवसभर मी कोणाशी बोलू सांग नंदू? चोर आला तं निदान कोणी घरी तरी येईन."

ती हसून बोलली, पण डोळे पुसत होती.  हे भाऊजींना का नाही सांगत, असं विचारलं, तर म्हणाली की त्यांना सांगितलं तर ते एकटेपणाचाही तक्ता करतील. ते खरंच होतं. आणि तिला असंही वाटत होतं की आपल्यापायी त्यांची बढती बुडू नये. म्हणजे तिने चोरांना मध्ये घातलं होतं, ते नकाराचं पाप आपल्या अंगावर येऊ नये म्हणून.

उमरखेडला बाबा स्टँडवर घ्यायला आले होते. ते तहसील कचेरीतून निवृत्त झालेले, आई गेल्यापासून एकटेच राहतात. एकटे म्हणायचं आपलं, कारण शेजारच्या रझियाखाला दिवसातून चारदा भिंतीवरून डोकावतात आणि बाबांच्या भाजीला नावं ठेवतात. खालांनी ताईला लहानपणापासून बघितलं आहे. त्यांच्या अंगणातल्या गावठी गुलाबाची गल्लीत ख्याती आहे.

दोन घरं सोडून जमादार काका राहतात. पोलिसातून निवृत्त झाले तरी गल्लीत सगळे त्यांना जमादारच म्हणतात. भाऊजी त्यांच्या ओट्यावर तक्ता घेऊन बसले ते दिवे लागेपर्यंत. जमादार काकांना इतका श्रोता आयुष्यात मिळाला नव्हता. नकळत नेलं तर चोरी, धाक दाखवून नेलं तर जबरी चोरी, आणि पाच जण जमले की दरोडा, हे त्यांनी समजावलं. भाऊजींनी विचारलं, चौघं असतील तर? काका म्हणाले, मंग पाचव्याची वाट पाहा. दोघंही अगदी गंभीर होते. उमरखेडचा आकडा मात्र काही निघेना, कारण काकांच्या मते निम्म्या तक्रारी ठाण्यात पोचायच्या आधीच गल्लीत मिटतात, आणि भाऊजींच्या मते न नोंदलेली गोष्ट घडलेली धरता येत नाही. चहाच्या चौथ्या फेरीनंतर तक्त्यात उमरखेडपुढे प्रश्नचिन्ह लिहिलं गेलं.

जेवताना खाला आल्या होत्या. उद्या मी उशिरा उठणार आहे, असं त्यांनी ताईला दोनदा सांगितलं. मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी दचकून उठलो. बाहेर भाऊजी ओरडत होते. "चोर! चोर!"

मी धावलो. बाबा दात घासता घासता फेसासकट बाहेर आले. जमादार काका लुंगी सावरत काठी घेऊन आले. गल्ली गोळा झाली. भाऊजी बूट घालून फिरायला निघाले होते, तेव्हा त्यांना खालांच्या भिंतीपलीकडे डोक्यावरून शाल घेतलेला, वाकलेला एक इसम दिसला होता. तो इसम आता सरळ उभा राहिला. त्याच्या एका हातात विळा होता आणि दुसऱ्या हातात गुलाबाची फांदी. ती आमची ताई होती.

आमच्याकडे मागून आणलेलं रोप जगत नाही. विकत आणलेलं कसंबसं तग धरतं. जोमाने वाढतं ते चोरून आणलेलं. हे आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे, आणि ज्याचं झाड आहे त्याने अशा वेळी आत पडून राहायचं, बघायचं नाही, हाही रिवाज आहे. खाला म्हणूनच भिंतीकडे तोंड करून निजल्या होत्या. विळाही त्यांनीच आदल्या संध्याकाळी झाडाजवळ ठेवला होता. सांगलीच्या माणसाला हे कुठून माहीत असणार? आता खाला बाहेर आल्या त्या थेट भाऊजींच्या अंगावर.

"जवाई, तुम्हाले बोंबलाले कोणी सांगतलं? पोरगी चांगली चोरी करून राह्यली होती. आता पाह्यलं ना सगळ्यायनं. जगन का ते?"

भाऊजींचा चेहरा अगदी पडला. ते माफी मागू लागले, मग त्यांनी भरपाई म्हणून बूट काढायला घेतला, तेव्हा मी त्यांना थांबवलं. मार्ग जमादार काकांनी काढला. त्यांनी काठी आपटून सगळ्यांना भिंतीकडे तोंड करून उभं राहायला लावलं. अख्खी गल्ली वळली. दूधवाला कॅन घेऊन वळला. खाला स्वतःच्याच अंगणात स्वतःच्या झाडाकडे पाठ करून उभ्या राहिल्या. ताईला नवीन फांदी तोडायला सांगितलं. मी, बाबा आणि भाऊजी एका ओळीत आमच्याच घराच्या रंग उडालेल्या भिंतीचं निरीक्षण करत होतो. बाबांनी विचारलं, झालं का गं, आणि खालांनी त्यांना गप्प केलं.

भाऊजी मात्र विचार करत होते. त्यांनी भिंतीलाच विचारलं, "पण आपल्या पुण्याच्या घरात ऊन कुठे येतं? लावणार कुठे हे?"

मागून विळ्याचा आवाज आला. मग ताई म्हणाली, "तुम्ही न्याल तिथं."

कोणी वळलं नाही. पण भाऊजींचे कान लाल झालेले मला दिसले, आणि खाला नाक ओढत होत्या. मला माझ्या बहिणीचा फार अभिमान वाटला. तिची भीती गेली होती असं नाही. तिने भीतीसकट जायचं ठरवलं होतं, आणि तिला कोणाच्या तरी घरून काहीतरी न्यायचं होतं.

परतीचा प्रवास त्याच रस्त्याने झाला. फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून भाऊजींनी मांडीवर घेतली होती आणि मोज्यातले पैसे खिशात आले होते. कंपनीने शेवटी बेल्जियम दिलं, म्हणजे तक्त्यातला वरचा मजला. रोप विमानातून नेऊ देत नाहीत हे कळल्यावर ताई पुष्कळ रडली. ते आता माझ्या पुण्याच्या बाल्कनीत आहे, कमरेएवढं झालंय, आणि चोरीचा माल ठेवल्याबद्दल मला अजून कोणी विचारलेलं नाही.

तिकडे गेल्यावर पहिले काही आठवडे ताई फोनवर 'बरं आहे' एवढंच म्हणायची.  मग एका रविवारी भाऊजींचा फोन आला, अगदी हळू आवाजात. ते थंडीत एका विटांच्या भिंतीकडे तोंड करून उभे होते आणि त्यांच्या मागे, शेजारच्या म्हाताऱ्या बाईंच्या अंगणात, ताई फांदी तोडत होती. बाईंच्या खिडकीचा पडदा हलला, असं ताई मागून कुजबुजली होती. कोणीतरी बघितलं आणि पडदा ओढून घेतला. आता पोलीस येणार, असं भाऊजींनी धरून ठेवलं होतं.

पोलीस आले नाहीत. दुसऱ्या दिवशी भाऊजी कामावर असताना बेल वाजली, आणि दारात त्या बाई उभ्या होत्या, हातात एक रिकामी कुंडी घेऊन. ताई सांगते, एकीचा शब्द दुसरीला कळत नव्हता, तरी बाई दोन वेळा चहा घेऊन दिवे लागेपर्यंत बसल्या.