खेकडेबाईंचं डबकं

मुलं मागून ‘खेकडेबाई’ म्हणतात, हे विज्ञानाच्या बाईंना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. सातवीची खडकाळ किनाऱ्यावरची सहल म्हणजे त्यांची जहागीर. ओहोटीनंतर खडकांतल्या डबक्यांत काय काय उरतं, ते दाखवण्याचा मान दुसऱ्या कुणाला मिळालाच नव्हता.

यंदा मुख्याध्यापिकांनी नव्या सरांनाही सोबत घेतलं. “दोन गट करा, किनाऱ्याच्या दोन बाजू वाटून घ्या. मुलांना हवं तिकडे जाऊ दे. शेवटी ज्यांच्याकडे जास्त मुलं जमतील, त्यांच्याकडे पुढच्या वर्षीपासून सहल.”

गट बसमध्येच पडले. सरांकडे झुंबड. त्यात बाईंची स्वतःची लेक.

“तूसुद्धा?”

“तुझं सगळं पाठ आहे गं आई. घरी तेच तर ऐकते.”

बाईंच्या ते जिव्हारी लागलं. मुलं डबे उघडून बसली, तशा त्या “जागा बघून येते” म्हणून बादली घेऊन उतरल्या. सरांच्या बाजूच्या डबक्यांतले तारामासे आणि शंखात राहणारे खेकडे त्यांनी वेचले आणि आपल्या बाजूच्या, अगदी वरच्या अंगाच्या उथळ डबक्यात सोडले. उचललेला जीव जागच्या जागी ठेवायचा, हा नियम मुलांना त्यांनीच घालून दिला होता.

“सर, इथे नुसतं शेवाळ!” थोड्याच वेळात ओरडा सुरू झाला. “बाईंकडे बघा, बाजार भरलाय!”

एकेक करून सगळे इकडे आले. लेकही आली. बाईंचा आवाज चढला, हातवारे वाढले.

“मिटलं तर मग,” मुख्याध्यापिका म्हणाल्या. “पुढच्या वर्षीही तुम्हीच.”

लेकीने पाण्यात बोट बुडवलं. “केवढं तापलंय! भरती इथवर येते?”

आज येणार नव्हती. हे बाईंइतकं तिथे कुणालाच पक्कं माहीत नव्हतं. तारामाशांचे हात ढिले पडू लागले होते. बस निघेपर्यंत गप्प राहिलं असतं, तरी चाललं असतं.

बाईंनी बादली पुढे ओढली आणि डबक्यातले तारामासे उचलून तिच्यात ठेवले. “हे इथले नाहीत. सरांच्या बाजूचे आहेत. मीच आणले.”

“बाई, चीटिंग!” कुणीतरी किंचाळलं आणि हशा पिकला. मुख्याध्यापिका चष्मा पुसत राहिल्या.

सरांनी बादलीला हात लावला. “हे दोन मोठे त्या भेगेतले. काल येऊन बघून गेलो होतो.”

“म्हणजे तुम्हाला कळलं होतं?”

“अंदाज आला होता. मुलांसमोर कसं विचारणार?”

ते भांडले असते, तर बाईंना सोपं गेलं असतं. दोघांनी मिळून सगळे जीव परत नेऊन ठेवले. लेक सरांकडे कौतुकाने बघत होती. बाईंच्या नजरेतून तेही सुटलं नाही.

परतताना मुख्याध्यापिकांनी सहल सरांकडे दिल्याचं सांगितलं. बाईंनी मान हलवली. जरा वेळाने पुढच्या सीटवर वाकून त्या म्हणाल्या, “ओहोटीच्या वेळा मी काढून देईन तुम्हाला.”

“काढल्यात मी,” सर म्हणाले. “वर्षभराच्या.”