भाकरीचा माईक

पत्नी गेल्यापासून मी घरात रेडिओ चालू ठेवतो. त्याचे सेल घ्यायला नवी पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेलो, तेव्हा मंगळवेढ्याची एक बाई काउंटरवर वायरलेस माईक निवडत होती. ती ज्वारीच्या भाकरीचे व्हिडिओ करायची.

"मावशी, हाच घ्या," दुकानदार म्हणाला. "आजूबाजूचा सगळा गोंगाट गाळतो."

तिनं माईक पदराला लावला आणि तळहातावर तळहात थापत बोलून दाखवलं. रेकॉर्डिंगमध्ये बोलणं स्वच्छ आलं, थापणं मात्र गायब.

"अन् माजी भाकरी कुटं गेली?"

"ते त्याला गोंगाट वाटलं."

"गोंगाट? तुमच्या मशीनला जेवायला न्हाय वाटतं कोण घालत! लोकं थापायचंच ऐकत्यात की. आवाजावरनंच कळतंय, भाकरी पातळ झाली का न्हाय."

दुकानदारानं हसत दुसरा साधा माईक दिला. ती पुन्हा थापू लागली आणि हेडफोन तिनं माझ्याकडे सरकवला. "काका, तुमी ऐका. झाली का पातळ?"

थप, थप, थप. कितीतरी महिन्यांनी तो आवाज माझ्या कानात शिरला.

"अजून जरा थापा," मी म्हणालो.

"लई पातळ लागती व्हय काकांना!" ती खळखळून हसली आणि थापत राहिली.